भंडाऱ्याचे तीन रूळ आणि मोतीबागेतली इंजिने

नागपुरात कडबी चौकाजवळ, मोतीबागेत, रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. त्या वेळी नागपूर विभाग दक्षिण पूर्व रेल्वेत होता. पुढे १ एप्रिल २००३ रोजी बिलासपूरला मुख्यालय असलेली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे स्थापन झाली आणि संग्रहालय तिच्याकडे गेले. वाफेची इंजिने, प्रवासी डबे, मालाच्या वाघिणी, सिग्नल आणि दळणवळणाची जुनी उपकरणे, दिवे, घड्याळे असा इथला संग्रह आहे. यातली बहुतेक साधने अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावली. मुलांसाठी आवारात छोटी गाडीही धावते.

संग्रहालय नागपुरात असले तरी त्यातल्या यंत्रांची कर्मभूमी पूर्वेला आणि उत्तरेला होती, आणि तिचे प्रवेशद्वार भंडारा जिल्ह्यात होते. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधी तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा आणि दरेकसाचा बोगदा हे सारे भंडारा जिल्ह्यातच मोडत. त्या अखंड जिल्ह्याने अवघ्या पाव शतकात रुळांच्या तीन रुंदी पाहिल्या: आधी मीटरगेज, मग ब्रॉडगेज आणि शेवटी नॅरोगेज. मोतीबागेत जपलेले आहे ते यातले तिसरे पर्व. पहिल्या दोन पर्वांशिवाय ते समजत नाही, म्हणून सुरुवात मीटरगेजपासूनच करावी लागते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये मुंबईकडून नागपूरला पोहोचली आणि तिथेच थांबली. नागपूरच्या पूर्वेला वैनगंगेचे खोरे होते आणि त्यापलीकडे छत्तीसगडचा भाताचा प्रदेश. त्या प्रदेशात धान्य मुबलक पिके, पण ते बाहेर काढायला बंजाऱ्यांचे लमाण बैल आणि बैलगाड्या यांशिवाय साधन नव्हते. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी या मार्गाने रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा या वाहतुकीचा कणा होता. पावसाळ्यात नद्या चढल्या की तोही ठिकठिकाणी अडे. एका टोकाला धान्य पडून राही आणि दुसऱ्या टोकाला भाव चढत, अशी स्थिती वर्षानुवर्षे होती. १८७० च्या दशकाच्या शेवटी पडलेल्या दुष्काळांनी तर वाहतूक नसल्याची किंमत माणसांच्या जीवात मोजायला लावली. छत्तीसगडपर्यंत रेल्वे न्यावी हा विचार त्याआधीपासून होता. आता त्याला निकड आली.

नागपूर-छत्तीसगड रेल्वे ही खासगी कंपनीची नव्हती, सरकारने बांधलेली होती. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत सरकारी मार्गांसाठी स्वस्त रूळ म्हणून एक मीटर रुंदीचे रूळ स्वीकारले गेले होते. ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर. त्यापेक्षा मीटरगेजला माती कमी लागे, पूल अरुंद चालत, रूळ हलके चालत. त्यामुळे नागपूर ते राजनांदगाव हा सुमारे दीडशे मैलांचा मार्ग मीटरगेजने टाकला गेला. १८८० पासून तो टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आणि १८८२ मध्ये राजनांदगावला पोहोचला. मोतीबागेतल्या कारखान्याची सुरुवातही याच काळातली, १८७९ ची. आज तिथले संग्रहालय नॅरोगेजचे असले तरी मोतीबागेचा आणि रेल्वेचा संबंध जुळला तो नॅरोगेज येण्याच्या पुष्कळ आधी.

मार्गाची आखणी भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने फार मोठी ठरली. जुना रस्ता भंडारा आणि साकोली या गावांतून जात होता. रेल्वे मात्र त्याच्या उत्तरेने गेली. कामठी, कन्हान, थारसा, खात या गावांवरून येऊन ती वरठीपाशी जिल्ह्यात स्थिरावते, पुढे देव्हाडीजवळून तुमसर रोड व मुंडीकोटा यांच्या दरम्यान वैनगंगा ओलांडते, आणि तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असे करत दरेकसाच्या डोंगरात शिरते. तिथे बोगदा खोदूनच पलीकडे जाता आले. तलावांच्या या जिल्ह्यात सपाटीवरही काम सोपे नव्हते. मालगुजारांनी आणि कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे सांडवे, नाले आणि भाताच्या बांध्या यांतून रुळांचा भराव न्यायचा, तर पाण्याला वाट ठेवणाऱ्या मोऱ्या जागोजाग बांधाव्या लागतात.

स्थानकांच्या नावांत या आखणीची खूण अजून आहे. जिल्ह्याचे मुख्य गाव रुळांपासून दहा-अकरा किलोमीटर दूर राहिले, म्हणून वरठीचे स्थानक 'भंडारा रोड' झाले. तुमसरची बाजारपेठ चार-पाच किलोमीटरवर, म्हणून देव्हाडीचे स्थानक 'तुमसर रोड'. पुढे नॅरोगेजवर पवनीच्या नावाचे स्थानक झाले, तेही 'पवनी रोड'. रेल्वेच्या भाषेत 'रोड' म्हणजे इथे उतरा आणि पुढे रस्त्याने जा. ज्या जिल्ह्याची तीन महत्त्वाची गावे अशी रुळांपासून हातभर दूर राहिली, त्याच जिल्ह्यात रुळांवरच वसलेले गोंदिया हे साधेसे खेडे दोन पिढ्यांत विदर्भातली मोठी व्यापारपेठ झाले आणि अखेरीस स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे. भात, लाख, तेंदूपत्ता, विडी, लाकूड या साऱ्यांची उलाढाल तिथे होऊ लागली. जुन्या रस्त्यावरच्या साकोलीला असा वेग मिळाला नाही. भंडाऱ्याची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध होती, पण तीही गाडीत चढायची तर आधी वरठीपर्यंत बैलगाडीनेच जात.

मीटरगेजचा दोष नागपुरातच उघडा पडला. मुंबईकडचे रूळ ब्रॉडगेजचे, छत्तीसगडकडचे मीटरगेजचे. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळावर जाऊच शकत नाही. छत्तीसगडहून आलेले प्रत्येक पोते नागपुरात एका वाघिणीतून काढून दुसरीत चढवावे लागे. हंगामात माल एकदम येई तेव्हा फलाटावर पोत्यांचे डोंगर साचत. मजुरी, वेळ, सांडलवंड हा सगळा भार धान्याच्या किमतीत शिरे. बांधताना वाचवलेला पैसा चालवताना असा गळून जात होता. शिवाय हा मार्ग राजनांदगावला संपत होता आणि कोलकात्याकडे जाणारा सरळ दुवा अजून तयार नव्हता.

या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणून १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. बीएनआर या आद्याक्षरांनी ती पुढे ओळखली गेली. तिने नागपूर-छत्तीसगड रेल्वे ताब्यात घेतली, तिचे मीटरगेज काढून ब्रॉडगेज टाकले आणि मार्ग बिलासपूरवरून पुढे आसनसोलपर्यंत नेला. १ फेब्रुवारी १८९१ रोजी नागपूर-आसनसोल मार्ग मालवाहतुकीसाठी खुला झाला. १९०० मध्ये खरगपूरकडून हावड्याचा दुवा पूर्ण झाला आणि मुंबई-नागपूर-हावडा हा अखंड मार्ग तयार झाला. भंडारा जिल्ह्यातले मीटरगेज जेमतेम दहा वर्षांत नाहीसे झाले. इतक्या अल्पायुषी रुळांवर धावलेल्या इंजिनांपैकी एकही मोतीबागेत नाही. मीटरगेजचे सामान इतर मार्गांवर वापरता येई, त्यामुळे ते जागेवर राहण्याचे कारणच नव्हते. जुन्या गोष्टी जपाव्यात असे कोणाच्या मनात येण्याचा तो काळही नव्हे.

ब्रॉडगेजच्या पर्वात जिल्ह्याला मिळालेली सर्वांत मोठी नवी वाहतूक धान्याची नव्हे, दगडाची होती. भंडारा, बालाघाट आणि नागपूर या सलग पट्ट्यात मँगनीज सापडले. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी १८९६ मध्ये स्थापन झाली आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर खाणकाम सुरू झाले. मँगनीज पोलादात लागते. वितळलेल्या पोलादातला गंधक आणि प्राणवायू यांचा उपद्रव ते दूर करते आणि पोलादाला चिवटपणा देते. रशियाच्या ताब्यातल्या जॉर्जियातून होणारा पुरवठा १९०५ च्या आसपासच्या युद्धाने आणि अशांततेने विस्कळीत झाला, तेव्हा युरोपातल्या पोलाद कारखान्यांची नजर भारताकडे वळली. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या लुईस ली फर्मोर यांनी या साठ्यांचा जो विस्तृत अभ्यास केला, तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही या विषयातले पायाभूत काम मानला जातो.

तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी याच पट्ट्यातल्या. त्यांच्यासाठी तुमसर रोडहून एक ब्रॉडगेज फाटा काढण्यात आला. तुमसर टाऊन, मिटेवानी, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग या स्थानकांवरून तो बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीला जातो. मुख्य मार्गाने टाळलेले तुमसर गाव या फाट्यावर आले आणि त्याला स्वतःचे स्थानक मिळाले, हा दगडाने गावावर केलेला उपकारच. मँगनीजचे खनिज फार जड. छोट्या वाघिणींतून ते शेकडो मैल नेणे परवडणारे नव्हते, आणि बंदरापर्यंत कुठेही माल उतरवून पुन्हा चढवण्याची सोयही नव्हती. या भागात ब्रॉडगेजच का, याचे उत्तर या वजनात आहे. पुढे बीएनआरने रायपूर-विजयनगरम मार्ग १९३१ मध्ये पूर्ण केला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर सुरू झाले, त्यामागेही मध्य प्रांतातले मँगनीज समुद्राला लवकर पोहोचावे हा एक मोठा हेतू होता. खाणी आज मॉइल या सरकारी कंपनीकडे आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरले जाते. विजेरीच्या सेलमधल्या काळ्या भुकटीचा प्रवास गोबरवाहीच्या बाजूने सुरू झालेला असू शकतो.

तिसरे पर्व गोंदियात सुरू झाले. गोंदियाच्या उत्तरेला बालाघाटचे जंगल, त्यापुढे सातपुड्याचे पठार आणि पठारापलीकडे नर्मदेकाठचे जबलपूर. लोकवस्ती विरळ, चढ मोठे, माल मुख्यतः लाकूड, बांबू आणि धान्य. इथे ब्रॉडगेज नेण्याइतकी कमाई होणार नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला होता आणि आडवळणाच्या मुलखातही धान्य पोहोचवणारी काही तरी वाट हवी होती. अडीच फुटी रुळांनी हे काम होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू करून दाखवली होती. प्रत्येक आसावर येणारा भार ठरावीक ठेवला आणि डबे दोन बोगींवर लांब बांधले, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे बार्शीने सिद्ध केले. चिंचोळे रूळ म्हणजे खेळणे, ही समजूत त्यानंतर टिकली नाही.

बीएनआरने सातपुड्यात हीच रुंदी घेतली. गोंदिया ते नैनपूर हा भाग १९०३ मध्ये खुला झाला. नैनपूरहून छिंदवाडा १९०४ मध्ये जोडले गेले, १९०५ मध्ये गाडी जबलपूरला पोहोचली आणि १९०९ मध्ये नैनपूर-मंडला फाटा झाला. गोंदियाच्या दक्षिणेलाही रूळ निघाले. सौंदड, अर्जुनी, वडसा या बाजूने नागभीड आणि पुढे चांद्याकडे जाणारा मार्ग, तसेच नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूर, पवनी रोडवरून नागभीडला येणारा मार्ग, ही कामे १९०८ ते १९१३ या काळातली. १९१३ मध्येच छिंदवाड्याहून सौंसरमार्गे नागपूरचा दुवा झाला. सारे जाळे मिळून शेकडो किलोमीटरचे होते, आणि चारी दिशांनी रूळ येऊन मिळणारे नैनपूर आशियातले सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून ओळखले जाई. गोंदिया-बालाघाटकडे लोक या साऱ्याला 'छोटी लाईन' म्हणत, आणि मुंबई-हावडा मार्गाला 'बडी लाईन'.

गोंदियात दोन्ही लाईनी शेजारी शेजारी आल्या आणि नागपूरची जुनी कथा इथे पुन्हा सुरू झाली. जबलपूरच्या बाजूने आलेले लाकूड आणि बांबू, चांद्याच्या बाजूने आलेले धान, सारे एका वाघिणीतून दुसरीत हलवावे लागे. फरक एवढाच की या वेळी तो खर्च आधीपासून हिशेबात धरला होता. रूळ बदलण्याच्या या जागेवर हजारो हमालांचे पोट चालले आणि गोंदियाच्या पेठेतली गोदामे उभी राहिली. रुंदी बदलणे ही वाहतुकीच्या दृष्टीने अडचण असली, तरी ज्या गावात ती बदलते त्या गावाला ती काम देते. गोंदियाच्या भरभराटीत या अडचणीचा वाटा मोठा आहे.

या मार्गांवर धावलेली इंजिने मोतीबागेत पाहताना सर्वांत आधी जाणवते ती त्यांची अंगलट. ब्रॉडगेजच्या इंजिनाशेजारी ती लहान दिसतात, पण रुळांच्या मानाने रुंद आणि लांब आहेत. अडीच फुटांच्या पायावर एवढे शरीर तोलायचे तर बॉयलर खाली ठेवावा लागतो आणि चाके लहान घ्यावी लागतात. लहान चाकांनी वेग कमी मिळतो, पण चढावर ओढ चांगली मिळते. सातपुड्यात वेगापेक्षा ओढच हवी होती. छिंदवाडा-सौंसर मार्गावर भीमालगोंदीच्या घाटात गाडी चढवताना इंजिनाची खरी परीक्षा होई.

बीएनआरच्या नॅरोगेजचे प्रातिनिधिक इंजिन म्हणजे सीसी वर्गाचे. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने ही इंजिने १९०७ च्या सुमारास बांधायला घेतली. चाकांची रचना ४-६-२: पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी चालक चाके आणि मागे दोन. पुढची चार चाके वळणावर इंजिनाला वाट दाखवतात, म्हणून भर वळणातही ते रुळावरून उतरत नाही. मधली सहा चाके सिलिंडरमधल्या दट्ट्याला दांड्यांनी जोडलेली असतात. सारी ओढ त्यांची. मागच्या दोन चाकांमुळे भट्टी चालक चाकांच्या मागे नेऊन रुंद करता येते. भारतातल्या कोळशात राख जास्त. तो अरुंद भट्टीत नीट जळत नाही, त्यामुळे रुंद भट्टी ही इथे चैन नव्हती. भट्टीतल्या ज्वाळा बॉयलरमधल्या अनेक नळ्यांतून पुढे धावतात, नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ होते, ती सिलिंडरमध्ये दट्ट्याला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ढकलते आणि काम संपल्यावर धुराड्यातून बाहेर पडते. बाहेर पडताना ती भट्टीतली हवाही ओढून नेते, म्हणजे गाडी जितकी जोरात चालेल तितकी आग आपोआप भडकते. वाफेच्या इंजिनाचा तो ओळखीचा भकभक आवाज म्हणजे हा श्वास. संग्रहालयात इंजिन थंड उभे असते, त्यामुळे हे सारे पाहणाऱ्याला मनाने जोडून घ्यावे लागते.

इंजिन चालवायला ड्रायव्हर आणि फायरमन ही जोडी लागे. चढ येण्याआधी आगीत कोळसा किती आणि कुठे पसरायचा, पाण्याची पातळी काचेच्या नळीत कुठवर ठेवायची, हे फायरमनचे शास्त्र होते. पाणी कमी झाले तर भट्टीच्या छताचा पत्रा उघडा पडून वितळण्याचा धोका. पाणी जास्त झाले तर वाफेबरोबर ते सिलिंडरमध्ये जाऊन दट्ट्या फोडण्याची भीती. उन्हाळ्यात, भंडारा-गोंदियाकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना, भट्टीच्या तोंडाशी उभे राहून हे काम करणाऱ्या माणसांची आठवण ही इंजिने पाहताना ठेवायला हवी.

पहिल्या महायुद्धानंतर भारतातल्या रेल्वेंसाठी ठरावीक नमुन्यांची इंजिने आखली गेली. तेव्हापासून वर्गांच्या नावात पहिले अक्षर रुळाची रुंदी सांगते: एक्स (दुसऱ्या महायुद्धानंतर डब्ल्यू) म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी. सातपुड्यात नंतरच्या काळात दिसणारे झेडई वर्गाचे इंजिन २-८-२ चाकांचे. सीसीपेक्षा त्याला दोन चालक चाके जास्त, म्हणून मालगाड्यांना ते अधिक सोयीचे. डिझेल आल्यावर नावात तिसरे अक्षर आले. झेडडीएम म्हणजे अडीच फुटी रुळांवरचे, डिझेलवर चालणारे, प्रवासी आणि माल दोन्हींसाठीचे इंजिन. ही इंजिने चित्तरंजनच्या कारखान्यातही बांधली गेली आणि त्यांनी वाफेच्या इंजिनांची जागा हळूहळू घेतली. १९९० च्या दशकात इथल्या छोट्या लाईनवरची वाफ संपली.

डब्यांचा इतिहास इंजिनांइतका सांगितला जात नाही, पण प्रवाशाचा खरा संबंध त्यांच्याशी. नॅरोगेजच्या डब्यात फळ्यांची बाके, लहान खिडक्या आणि हात लांबवला तर बाहेरची फांदी लागावी इतकी जवळ झाडे असत. मोतीबागेत असा डबा आतून पाहिला की रुंदीचा हिशेब लगेच कळतो: मध्ये वाट ठेवली तर दोन्ही बाजूंना माणसे दाटीवाटीनेच बसणार. ब्रॉडगेजवरही तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाची स्थिती पुष्कळ काळ फारशी वेगळी नव्हती. रेल्वेमंत्री असताना मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. त्यांच्याच काळात डिसेंबर १९७७ मध्ये गीतांजली एक्सप्रेस ही एकाच वर्गाची गाडी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झाली, आणि ती भंडारा जिल्ह्याच्या रुळांवरूनच जाऊ लागली. डब्याच्या इतिहासातला तो मोठा बदल आहे, कारण त्यात पहिल्यांदा साध्या प्रवाशाच्या पाठीचा विचार झाला.

संग्रहालयातली सिग्नल आणि दळणवळणाची साधने घाईत पाहिली जातात. ती नीट पाहावीत. छोट्या लाईनवर रुळांची जोडी एकच होती. दोन स्थानकांच्या दरम्यान समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, यासाठी भारतीय रेल्वेत गोळ्याची पद्धत वापरली जाई. दोन्ही स्थानकांत एकेक यंत्र, दोन्ही विजेच्या तारेने जोडलेली. पुढच्या स्थानकाच्या मास्तरने घंटीच्या खुणेने 'लाईन क्लिअर' दिल्याशिवाय मागच्या स्थानकाच्या यंत्रातून धातूचा गोळा बाहेर येत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रे बंद राहतात. हा गोळा म्हणजे ड्रायव्हरचा परवाना. गोल कडीला अडकवलेल्या चामडी पिशवीत तो ठेवत, आणि न थांबता जाणाऱ्या गाडीचा माणूस फलाटावरून ती कडी हातात झेलून घेई. पुढच्या स्थानकात गोळा यंत्रात टाकला की लाईन मोकळी. शेकडो प्रवाशांचे प्राण मुठीत मावेल एवढ्या धातूच्या तुकड्यावर सोपवलेले असत, आणि त्यात ना वेगाचा भाग, ना भव्यतेचा. संग्रहातल्या कुठल्याही इंजिनाइतकीच ही वस्तू महत्त्वाची आहे.

तिकिटाच्या पुठ्ठ्याचेही तसेच. इंग्लंडमधल्या थॉमस एडमंडसनने १८३० च्या दशकात काढलेले, अनुक्रमांक छापलेले जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट भारतात दीडशे वर्षांच्या आसपास चालले. खिडकीतला बाबू ते लोखंडी यंत्रात घालून तारीख उमटवी. अनुक्रमांकामुळे दिवसाचा हिशेब तिकिटे मोजूनच लागे. संगणक आला आणि हा पुठ्ठा गेला.

बीएनआरचे ब्रॉडगेजवरचे वैभव पाहायचे तर दिल्लीला जावे लागते. १ फेब्रुवारी १९७७ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात या कंपनीचे ८१५ क्रमांकाचे गॅरेट इंजिन उभे आहे. मँचेस्टरच्या बेयर पीकॉक कंपनीने १९३० च्या आसपास बांधलेल्या एन वर्गाचे हे इंजिन २३४ टनांचे. त्याचा बॉयलर दोन स्वतंत्र चाकसंचांच्या मधोमध टांगलेला असतो. म्हणून एवढे अवजड यंत्रही वळणावर दुमडते आणि वजन अनेक चाकांवर वाटले जाऊन रुळांना झेपते. बीएनआरची ही गॅरेट इंजिने मुख्यतः पूर्वेकडच्या कोळसा आणि लोहखनिजाच्या मार्गांवर राबली. एकाच कंपनीने गोंदियाच्या फलाटावर सीसीसारखे चपळ छोटे इंजिन आणि पूर्वेत हे अजस्र यंत्र एकाच काळात चालवले, ही गोष्ट तिच्या कारभाराचा आवाका सांगते. १९४४ मध्ये बीएनआर सरकारकडे गेली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत मिसळली आणि १९५५ मध्ये तिच्या बहुतेक मार्गांची दक्षिण पूर्व रेल्वे झाली.

छोट्या लाईनचा शेवट आला तो पुन्हा रुंदीच्याच प्रश्नाने. एकेकाळी स्वस्त म्हणून निवडलेले रूळ आता देशभर एकच माप असावे या धोरणाच्या आड येत होते. गोंदिया-नागभीड-चांदा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. गोंदिया-बालाघाटचे काम त्यानंतरच्या दशकात पुरे झाले. २०१५ मध्ये जबलपूर-नैनपूर आणि छिंदवाडा-नागपूर या मार्गांवरची नॅरोगेज थांबली. इतवारी-नागभीड हा पवनी रोडवरून जाणारा मार्ग सर्वांत उशिरापर्यंत टिकला. २०१९ च्या अखेरीस रूपांतरासाठी तो बंद करण्यात आला. गोंदिया-जबलपूर हा सारा रस्ता आता ब्रॉडगेज आहे आणि नागपूर-जबलपूरकडच्या गाड्यांना तो जवळचा पर्याय झाला आहे. जे जाळे दहा-बारा वर्षांत विणले गेले, ते उसवायला तीन दशके लागली.

मोतीबागेचे संग्रहालय २००२ मध्ये उघडले तेव्हा नागपुरात नॅरोगेजच्या गाड्या अजून येत-जात होत्या. संग्रहालये बहुधा वस्तू नाहीशी झाल्यानंतर सुचतात. इथे ती धावत असतानाच जपण्याचा निर्णय झाला. त्यामुळे चालत्या कारखान्यातून, वापरातल्या डब्यांतून आणि यंत्रांतून निवड करता आली, आणि ती हाताळणारी माणसे त्या वेळी अजून कामावर होती. पुढच्या सतरा वर्षांत सातपुड्यापासून पवनीपर्यंतचे अडीच फुटी रूळ एकामागून एक उचलले गेले. त्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी आज १६७६ मिलिमीटरच्या रुळांवर गाड्या धावतात, आणि ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरची चाके नागपुरात पाहायची तर कडबी चौकातच जावे लागते.